पंचनाम्यावरची सही

"शिकलेली पोरगी हाय, करंल की सही," हवालदार बाबांना सांगत होता. मी दाराआड उभी होते. कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर नुकतीच गर्दसाठी, म्हणजे ब्राउन शुगरसाठी, धाड पडली होती आणि पोलिसांना शेजारपाजारचे दोन पंच हवे होते. एक बाबा झाले, दुसरी मी.

पानपट्टीच्या बाकड्यावर पाच पिशव्या ठेवलेल्या मी स्वतः पाहिल्या. इंग्रजी शाळेमुळे माझं मराठी वाचन सावकाश, त्यात पंचनाम्याची भाषा अवघड. तरी 'दोन पिशव्या' एवढं मला वाचता आलं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान वर न करता सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. मीही केली.

"अक्षर झ्याक हाय की पोरीचं!" फौजदार म्हणाले. सगळे हसले.

महिनाभरात पानपट्टी पुन्हा उघडली. शेजारच्या काकी ब्लाउज शिवायच्या, त्यांचे यजमान रिक्षा चालवायचे. गर्दपायी त्यांनी आधी रिक्षा विकली, मग काकींचं शिलाई मशीन. मी काकींना टाळू लागले. समोरून आल्या की वही विसरल्यासारखं करून घरात परतायची.

एका दुपारी काकीच आमच्या पायरीवर येऊन बसल्या. "पोलिसांनी समदं पकडलं म्हणत्यात. मग आमच्या ह्यास्नी मिळतंय तरी कुठनं गं?"

आत बाबांच्या पेपरची सळसळ थांबली.

"काकी, पिशव्या पाच होत्या," मी म्हणाले. "कागदावर दोनच लिहिल्या. आणि मी त्यावर सही केली."