लोणच्यासारखा मुरवलेला गांजा

व्हर्जिनियात घरी गांजाची चार रोपं लावायला परवानगी आहे. गुडघेदुखीला उतारा म्हणून मी अ‍ॅशबर्नच्या आमच्या बॅकयार्डात ती लावली आणि चार महिने लेकरांसारखी जपली. इथली सप्टेंबरातली हवाही दमट, म्हणून कापलेल्या फांद्या बेसमेंटमध्ये डीह्युमिडिफायर लावून उलट्या टांगल्या. आठवड्याने फुलं हाताला कोरडी लागली, तशी ती तीन काचेच्या बरण्यांत भरून मी झाकणं घट्ट लावली आणि बायकोला बजावलं, "महिनाभर उघडायचं नाही. मुरू दे."

"लोणचं आहे का ते?"

"तत्त्व तेच!" मुरत्या लोणच्याची बरणी आईने कधी कुणाला उघडू दिली नव्हती. एवढ्या ज्ञानावर मी सूचना वाचल्याच नाहीत.

महिन्याने पहिली बरणी उघडली, तर पावसात भिजलेल्या चपलेचा वास आला आणि फुलांवर पांढरी लव दिसली. दुसरीतही तेच. फुलांच्या पोटात ओल उरते, ती जायला सुरुवातीला रोज झाकण उघडावं लागतं, हे मी तेव्हा कुठे फोनवर वाचलं. तिसरीला हात लावायची हिंमत होईना. ती बायकोने उघडली. आत फुलं हिरवी, कोरडी, घमघमीत.

"ही कशी वाचली?"

"तू ऑफिसला गेलास की ही एक बरणी मी रोज उघडून वास घ्यायचे," ती म्हणाली. "आत काय चाललंय ते बघायला नको?"

आता गुडघा ठणकला की मी तिच्याकडे मागतो.