शेवटची बादली

निवासी शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से टाकीतल्या शेवाळासारखे साचतात. घासून काढायला कोणी जात नाही, आणि ते बरंच आहे! हे उधव्याजवळच्या आमच्या शाळेतले. पालघर जिल्हा नुकताच झाला होता आणि मीही बी.एस्सी. करून नवाच लागलो होतो.

विज्ञानाच्या मोरेबाईंनी बाटलीला तळाशी भोक पाडलं. पाण्याची उंची घटते तशी धार किती मंदावते, हे सातवीच्या पोरी मोजणार होत्या, डहाणूच्या विज्ञान प्रदर्शनासाठी. मला धीर कुठला! म्हटलं, “बाई, सूत्र मी दहा मिनिटांत सांगतो.”

“सांगा ना. आधी पोरींना भिजू तर द्या!”

*

पाणी आधी भरभर उतरलं, मग रेंगाळलं. ग्राफ बघून हेडसर म्हणाले, “रेषा वाकडी कशी? पट्टी नव्हती का?”

“होती सर,” पोरींमधली जयवंती म्हणाली, “पण पाणी पट्टीनं जात नाही!”

*

चिखले गावच्या रमिलाची धार मंदावेचना. बघतो तर ही पोरगी तांब्यानं वरून पाणी ओततेय! मी भडकलो.

“सर, आमच्या घरी मडकं खाली होऊ देत नाहीत.”

मोरेबाईंचे डोळे चमकले. “ओरडू नका हो! लिही गं रमिला, पातळी तीच, तर धारही तीच!”

*

प्रार्थनेला उशीर झाला की बाहेर उभं राहायचं, हा नियम होताच. त्यात हेडसरांनी भर घातली: उशिरा येणाऱ्यांना डहाणूला नेणार नाही!

जयवंतीला रोजच उशीर. तिची खोली टोकाची, म्हणून नळावर नंबर शेवटचा. पहाटे टाकी भरली की मोटर बंद, मग रांग. तिची पाळी येईपर्यंत पाणी तळाला आणि धार करंगळीएवढी. बाटलीत मोजलेलं रोज नळावर घडत होतं!

मी भांडायलाच निघालो होतो. बाईंनी मला थांबवलं आणि हेडसरांना एवढंच म्हणाल्या, “सर, उद्या तुमची बादलीही नळावरच भरा. जयवंतीच्या मागे.”

*

हेडसर खरंच आले, खांद्यावर टॉवेल टाकून! रांग सरकत गेली, धार बारीक होत गेली. प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा जयवंतीची बादली अर्धी होती, हेडसरांची कोरडी.

तिनं वळून विचारलं, “सर, आता आपण दोघांनी बाहेर उभं राहायचं का?”

हेडसरांनी शिपाईमामांना हाक मारली, “मामा, मोटर लावा! आणि घंटा पुन्हा द्या. आम्ही दोघं वेळेवर आलोय!”