गाणं सोडून बाकी सगळं

आमच्या विभागात तिला सगळे कात्री म्हणायचे, आणि तिला त्या नावाचा अभिमान होता. विभाग लोकसंगीताच्या अभ्यासाचा. देशोदेशीच्या गाण्यांच्या टेपा भिंतभर रचलेल्या, आणि खोलीत बायका दोनच: टायपिंग करणारी मी आणि टेपा साफ करणारी ती. साफ करायच्या म्हणजे खोकला, कुत्रं, मध्येच बोलणारी माणसं कापून फेकायची आणि गाणं तेवढं जोडायचं. बोलण्याने सुरांचा आलेख बिघडतो, असं साहेबांचं म्हणणं. हेच साहेब वर्गात तासतासभर सांगायचे की गाणं कोण गातं, कोणासाठी गातं ते आधी बघा, माणसाशिवाय गाणं म्हणजे नुसतं टरफल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

कात्री दोन वर्षांचीही नव्हती तेव्हा तिची आई गेली. वाढवलं मावशीने. मावशीने सांगितलेली एक गोष्ट तिने जपून ठेवली होती: "तुझी आई लोकर धुवायच्या कारखान्यात होती. एकदा शहरातून माणसं यंत्र घेऊन आली आणि त्या बायकांचं गाणं भरून घेऊन गेली. तू आईच्या कडेवर होतीस." त्या गोष्टीपायीच तिने ही नोकरी धरली. आईचा आवाज एकदा कानावर पडावा, बाकी तिला काही नको होतं. पण टेपांवर नुसते आकडे. कुठली टेप कुठली, ते साहेबांच्या वह्यांत, आणि वह्या कपाटात कुलूपबंद. ती दरवर्षी विचारायची आणि साहेब दरवर्षी म्हणायचे, "पुस्तक छापून होऊ दे, मग बघू." दुसरा कोणी आपली माहिती ढापेल ही त्यांना धास्ती. पुस्तक काही छापून झालं नाही. तशी एकोणीस वर्षं गेली.

"कशाला हव्यात वह्या? आईचा आवाज आहे, ऐकताक्षणी ओळखीन," ती म्हणायची. माझा विश्वास नव्हता, पण कोणाच्या आशेवर पाणी कशाला ओता.

तिचा हात जितका चालायचा तितकंच तोंड. नकला तर अशा करायची की शिपाईसुद्धा काम टाकून दारात उभा राहायचा. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका टेपेत गाणं ऐन रंगात असताना एक मूल भोकाड पसरून रडायला लागलं आणि एक बाई खेकसली, "गप गं भवाने, नाहीतर त्या साहेबाला देऊन टाकीन!" आम्ही दोघी पोट धरून हसलो. तिने तुकडा कापला, टोपलीत टाकला, पण ते वाक्य आमच्या खोलीत राहायलाच आलं. यंत्र कुरकुरलं, फोन वाजत राहिला, की ही त्याच घोगऱ्या आवाजात, तोच हेल काढून, "गप गं भवाने!" निवृत्तीच्या समारंभात साहेब भाषण करताना रडले, तेव्हाही ती माझ्या कानात हेच म्हणाली. मला हसू आवरेना.

साहेब गेले आणि वह्या टाइप करायला माझ्याकडे आल्या. तिसऱ्या वहीत होतं: टेप दोनशे बारा, लोकर धुण्याचा कारखाना, बारा बायका, काम थांबवून ओळीत उभ्या केल्या. खाली फोटो चिकटवलेला. शेवटच्या बाईच्या कडेवर मूल. त्या बाईचा चेहरा मी रोज बघत होते, कात्रीच्या टेबलावरच्या काचेखाली, तिच्या आईच्या फोटोत. मी वही घेऊन धावत तिच्याकडे गेले. मला वाटलं, पेढेच वाटते आहे.

तिने टेप लावली. बारा बायका एका आवाजात गात होत्या. तिने तीनदा ऐकलं, डोळे मिटून, मान वाकडी करून. बारांतला एक काही सुटा होईना. मग तिने स्वतःची नोंदवही काढली. तिच्याच मोत्यासारख्या अक्षरात होतं: दोनशे बारा. एक तुकडा काढला. मूल रडते, बाई बोलते. निरुपयोगी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. हिने तर कळसा स्वतःच्या हाताने फोडला होता आणि वर सतरा वर्षं त्याची टिंगल केली होती.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. बराच वेळ तिने त्या आकड्यावर बोट ठेवलं होतं. मग घसा खाकरला आणि हळूच म्हणाली, "गप गं भवाने..." हेल जमेना. पुन्हा म्हणाली. चौथ्या खेपेला तो घोगरा हेल बरोबर लागला.

"असाच होता ना गं?" तिने मला विचारलं. "तू ऐकलायस. तुला आठवत असेल."

मी हो म्हटलं. त्या बाईचा आवाज मी कधीच विसरले होते. माझ्या कानात होती ती हिचीच नक्कल.