साहेबांची श्रवणचाचणी

वडील भोसरीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होते. पत्र्याचे भाग ठोकून काढणारी अजस्र यंत्रं, आणि पाळीभर तो आदळणारा आवाज. कानात घालायला काहीतरी द्या म्हणून कामगार मागून थकले. शेवटी घरूनच कापूस नेऊ लागले. मी कॉलेजात गेले तोवर वडिलांना जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं. विश्रांतवाडीच्या आमच्या घरात आई इतक्या मोठ्यानं बोलायची, की आज भाजी कोणती ते आधी शेजाऱ्यांना कळायचं.

वडील तक्रार घेऊन गेले तेव्हा मी सोबत गेले. समोरचा काय म्हणतो ते त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. पर्सोनेलचे साहेब तेव्हा तरुण होते, आवाज अगदी मऊ. "वयोमानानं होतं हो असं. माझ्या आजोबांनाही ऐकू येत नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून हसले. "एका अर्थी बरंच की. बायकोची कटकट ऐकायला नको."

"काय म्हणाले?" वडिलांनी विचारलं.

"बघतो म्हणाले," मी ओरडून सांगितलं.

मी श्रवणतज्ज्ञ झाले ती सेवाभावानं नाही, त्या हसण्यामुळे.

पुढे वारज्यात दवाखाना टाकला. तिथे एक दिवस त्याच कंपनीच्या सीएसआर, म्हणजे समाजकार्याच्या विभागातली मुलगी आली. नुकतीच एमबीए झालेली, हुशार, बोलायला गोड. कात्रजच्या एका सभागृहात ज्येष्ठ नागरिकांना मोफत श्रवणयंत्रं द्यायची होती. तपासणी मी करावी, अशी तिची इच्छा.

"आधी तुमच्याच प्रेस शॉपमधल्यांचे कान तपासू या का?" मी विचारलं.

"मॅडम, ते सीएसआरमध्ये बसत नाही. फक्त आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी केलेलं काम कायदा धरत नाही. आणि बाहेर केलं तर रीच मोठा मिळतो ना. आम्हाला एथिक्सला होतं, जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं."

"त्याच पुस्तकात कर्तव्याचंही प्रकरण असेल. माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये, वगैरे."

"हो, पण ते मी ऑप्शनला टाकलं होतं," ती प्रामाणिकपणे म्हणाली.

उद्घाटनाला डायरेक्टर येणार होते. तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. केस पिकले होते, हसणं तेच. मी लगेच होकार दिला आणि वर एक सूचनाही केली: समया कशाला, पहिली चाचणी साहेबांचीच करू, फोटो छान येईल. ती खूश झाली. माझा एक पेशंट अजून त्या प्रेस शॉपमध्ये होता. त्यानं मला तिथला आवाज मोबाइलवर टिपून आणून दिला.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. साहेब छान बोलले. व्यवसाय म्हणजे नुसता नफा नव्हे, समाजाचं ऋण, वगैरे वगैरे. मग माझ्यासमोर खुर्चीत बसले. मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. आधी नेहमीचे बारीक सूर दिले. प्रत्येक सुराला ते बोट वर करत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. मग मी प्रेस शॉप लावलं. खऱ्यापेक्षा बऱ्याच कमी आवाजात. कुणाचा कान दुखवायचा नाही, एवढं पथ्य मी तेव्हाही पाळलं.

ते दचकून उठलेच. हेडफोन ओरबाडून काढले. "काय आहे हे?"

माइक माझ्या हातात होता. "आपलं प्रेस शॉप आहे, साहेब. तिथे आवाज याहून मोठा असतो. माझे वडील त्यात आयुष्यभर उभे होते. ते बहिरे झाले, तेव्हा वयोमानानं होतं असं म्हणाला होतात आपण."

"कोण वडील?"

मी नाव सांगितलं. त्यांना आठवेना. ते नाटक करत नव्हते, खरंच आठवत नव्हतं, आणि त्याचा मला जास्त संताप आला. "नसू द्या आठवत," मी म्हणाले. "आपल्या आजोबांना ऐकू येत नव्हतं, ते मला अजून पाठ आहे. आणि बायकोच्या कटकटीचंही."

आता मात्र त्यांचा चेहरा उतरला. समोर बसलेले लोक मोबाइलवर सगळं टिपत होते. साहेब चहाला न थांबता गेले.

मी दिवसभर मन लावून म्हाताऱ्यांचे कान तपासले. दुपारी ती मुलगी आली, डोळे लाल. "माझी नोकरी जाईल मॅडम. तुम्ही मला वापरलंत."

"हो."

"हे कुठल्या थिअरीत बसतं?"

"कुठल्याच नाही. हा सूड आहे."

तिची नोकरी गेली नाही, पण माझ्याशी ती पुन्हा बोलली नाही. ते चित्रण मात्र कामगारांच्या मोबाइलवर फिरत राहिलं. काही महिन्यांत प्रेस शॉपला कान झाकायची साधनं मिळाली, सगळ्यांची तपासणीही झाली, अर्थात दुसऱ्या तज्ज्ञाकडून. कंपनीनं आपल्या अहवालात त्याचं कौतुकही छापून घेतलं म्हणे. साहेबांना पश्चात्ताप झाला असेल असं मला वाटत नाही. ते घाबरले. मला तेवढं पुरतं.

कार्यक्रम झाला त्याच संध्याकाळी मी घरी गेले आणि वडिलांच्या समोर बसून, सावकाश, मोठ्यानं सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "चेहरा कसा झाला होता त्याचा?"

मी करून दाखवला.

"पुन्हा दाखव," ते म्हणाले.