सगळ्यांना एकच तक्ता न देणाऱ्या मृणालताई

मृणालताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली म्हणून आमच्या जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या मराठी मंडळाने हा गौरवग्रंथ काढला आहे. त्यात मी लिहावे असे ठरले तेव्हा मला आनंदापेक्षा संताप अधिक आला. तो लपवून लिहिणे मला जमणार नाही.

ताईंची आणि माझी ओळख मंडळाच्या हळदीकुंकवात झाली. यजमानांच्या नोकरीमुळे त्या अनेक वर्षे कोरियात, सोलला राहिल्या आणि तिथल्या वैद्यांकडे शिकल्या. कोरियन वैद्यक माणसांच्या चार प्रकृती मानते. वजन उतरवायचे तर आहार ठरवण्याआधी प्रकृती पाहते. मी त्यांच्याकडे शिकू लागले तेव्हा कितीतरी दिवस त्यांनी मला नुसते ऐकायला बसवले. भूक कशी लागते, घाम आल्यावर बरे वाटते की गळून जायला होते, थंड पाणी सोसते का, असे त्या येणाऱ्याला निवांत विचारत. रक्ताची तपासणी मात्र आधी नेहमीच्या डॉक्टरांकडून करून आणायला लावत.

मग मंडळाने वजन उतरवण्याची स्पर्धा काढली. अध्यक्ष म्हणाले, “गेनाऊ, अगदी बरोबर, प्रकृती वगैरे ठीक आहे ताई, पण सगळ्यांना चालेल असा एकच पीडीएफ द्या ना.” ताईंनी नम्रपणे नकार दिला. मग कुणीतरी इंटरनेटवरून तक्ता उचलला: दिवसभर काकडीचा रस आणि कच्चा पाला. माझी धाकटी जाऊ वैशाली भर उन्हाळ्यात मोजे घालणारी, दोन घास जास्त झाले की पोट धरून बसणारी. तिनेही तेच सुरू केले. दर रविवारी सगळ्यांसमोर तिला काट्यावर उभे करत. एक दिवस ती स्टेशनच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. मी मंडळाच्या ग्रुपवर कळवले, तर उत्तर आले की तिची जिद्द कमी पडते. लिहिणाऱ्यांना लाज वाटायला हवी होती.

ताई त्याच संध्याकाळी आल्या. तिला आधी डॉक्टरांकडे नेले, मग आमच्या स्वयंपाकघरात स्वतः तांदळाची पेज शिजवली. “तुझ्या पोटाला कच्चं, थंड सोसत नाही ग. गरम खा. वजनाचं मागाहून बघू,” एवढेच म्हणाल्या. वैशाली वाटी हातात धरून रडली. ताईंनी मंडळाबद्दल अवाक्षर काढले नाही. त्यांचा हा सोशिकपणा मला आजही पटत नाही.

आणि आता संपादक विचारतात, ग्रंथाच्या शेवटी ताईंचा ‘सर्वांसाठी आहारतक्ता’ छापू या का? इतके होऊनही! मी स्पष्ट नाही म्हटले.

मृणालताईंना उदंड आयुष्य लाभो आणि त्यांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो. सत्काराच्या दिवशी वैशाली माझ्या शेजारी जेवायला बसेल. ती हल्ली पोटभर जेवते. तिच्या ताटात कुणी डोकावू नये.