होडीच्या तळातलं पाणी

दुपारी आमच्या होडीत आडवं पडलं की छतावर पाणी हलताना दिसतं. उन्हाचा उजेड खाडीवर आपटून खिडकीतून आत येतो आणि फळ्यांवर नुसता डुलत राहतो. मी बघत पडते. डोळे मिटतात, उघडतात, आणि माहेरची खाडी कुठे संपली नि इथली, आखातातल्या उम्म अल क्वैनची कुठे सुरू झाली ते कळेनासं होतं. लेकीचा फोन आला की ती आवाजावरून ओळखते. "मॉम, यू आर ड्रीमिंग अगेन!" मी म्हणते, बाई गं, तुझ्या अल रीमच्या टॉवरात छत असं हलायला लागलं तर किंचाळत खाली पळशील. मला मात्र ते हलतं म्हणूनच झोप लागते.

होडी म्हणजे जुनं लाकडी लाँच. आमचे हे जन्मभर बोटींच्या यार्डात होते. दोन फळ्यांमधल्या सांध्यात तेलात भिजवलेला कापूस ठोकून ठोकून बसवायचा, म्हणजे समुद्र बाहेर राहतो, हे यांचं काम. यार्डात भंगारात निघालेलं हे लाँच यांनी घेतलं, एकेक सांधा स्वतः भरला, आत दोन बाकं, गॅसची शेगडी, एक एसी बसवला. रिटायर झाल्यापासून आठवड्यातले निम्मे दिवस आम्ही इथेच असतो. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या फ्लॅटवर फक्त कपडे धुवायला जातो म्हणा ना.

तर या उन्हाळ्यात तळाशी पाणी दिसायला लागलं. पायाखालची फळी उचलली की खाली काळोखात चुळुक चुळुक. पंप लावून कोरडं करावं, तर दुसऱ्या सकाळी पुन्हा घोटाभर हजर. मला सुरुवातीला, खरं सांगते, तो आवाज आवडायचा. कुणीतरी खाली हळूच कूस बदलतंय असं वाटायचं. यांना मात्र त्या आवाजाने घास गिळवेना. "उन्हाने फळ्या तडकल्या असतील," म्हणून होडी वाळूवर ओढून घेतली. रणरणत्या उन्हात, डोक्याला ओला पंचा गुंडाळून यांनी सगळे सांधे उकरले, पुन्हा भरले. होडी पाण्यात सोडली. पाणी आलंच.

जरा हात कापतात यांचे, वर्षभर झालं असेल. तोवर त्याचं काही नव्हतं, पण त्या पाण्यानंतर हे हात लपवायला लागले. चारचौघांत चहाच घ्यायचे नाहीत, "नको, पित्त होतं" म्हणायचे. पित्त कसलं डोंबलाचं! कप हिंदकळतो म्हणून. एकदा खाडीकडे बघत मला म्हणाले, "माझा सांधा धरत नाही गं आता. हात गेला माझा." एवढ्या वर्षांत या माणसाने पगाराची, साहेबाची, पाठीची, कशाकशाची म्हणून तक्रार केली नव्हती.

मग यांनीच गिऱ्हाईक शोधलं. अजमानचा एक रेस्टॉरंटवाला, आपला हिंदी बोलणारा. त्याला होडी दारात वाळूवर उभी करायची होती, दिव्यांच्या माळा लावून, लोकांनी फोटो काढावेत म्हणून. कळल्यावर माझं डोकंच फिरलं. "अहो, पाण्यातल्या जिवाला वरातीतल्या घोड्यासारखं सजवून उभं करणार?" हे म्हणाले, "बुडण्यापेक्षा बरं. विकू, आणि गावाला जाऊ कायमचे." लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "जस्ट लेट इट गो, मॉम. ही इज टायर्ड." मी फोनच ठेवून दिला. दमलेला माणूस मला कळतो, आणि हरलेलाही कळतो.

शनिवारी सकाळी तो माणूस येणार होता. आदल्या संध्याकाळी मी तळ उपसून, पुसून लख्ख केला. विकायची झाली तरी घाण कशी द्यायची? सकाळी फळी उचलली, तर तळाशी पुन्हा पाणी, आणि या वेळी एकदम नितळ. बाहेर ऑगस्टचं दमट धुकं होतं, पलीकडची तिवरं धड दिसत नव्हती, सगळी खाडी अजून झोपेतच होती. मी तशीच वाकून बसून राहिले आणि मला आमची विहीर आठवली.

माझं माहेर खाडीकाठचं. उन्हाळा सरत आला की खाडी आतून विहिरीत शिरायची. म्हणून सकाळी पहिली कळशी काढली की आई आधी ओंजळभर पाणी चाखायची. मचूळ लागलं तर त्या दिवशी प्यायचं पाणी वरच्या वाडीतून आणायचं. चाखल्याशिवाय कळशी कधी घरात आली नाही. माझं बोट आपोआप पाण्यात गेलं आणि तोंडात गेलं.

"अगं, काय करतेस! डिझेल असेल त्यात," हे मागून ओरडले.

डिझेलचा वास होताच. पण खारट? छे! मी पुन्हा चाखलं, मग ओंजळभर घेऊन चक्क चूळ भरली. "अहो, हे गोडं पाणी आहे."

"चल, काहीतरीच."

"मग तुम्ही चाखा!"

यांनी चाखलं. जन्मभर यार्डात काढलेला माणूस, होडीत पाणी म्हणजे समुद्रच आला असं धरून चाललेला. हे ताडकन उठले आणि बाकावरच्या एसीचा पत्रा काढला. एसीचं पाणी साठायचा ट्रे काठोकाठ भरून फळ्यांमागून खाली तळात टपटपत होता. दमट हवेत एसीला किती पाणी सुटतं ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. ते बाहेर जायची नळी यांनीच हौसेने वळवून डेकवरच्या तुळशीच्या कुंडीत खोचली होती, पाणी फुकट का घालवा म्हणून. कुंडीतली माती उकरली. तुळस बाई नळीत शिरून बसली होती! पांढऱ्या मुळांचा बोळाच निघाला.

मग वाकून तळाच्या फळ्यांवरून, एकेका सांध्यावरून बोट फिरवत गेले, पार टोकापर्यंत. "एक थेंब नाही गं आला खाडीचा," म्हणाले. पंचाने डोळे पुसले. मीही रडले, लपवायचं काय त्यात.

रेस्टॉरंटवाला आला तोवर मी तुळस डब्यात लावली होती. "यल्ला, चलो भाईसाब, पानी बंद हुआ?" त्याने विचारलं.

"पाणी था ही नहीं," हे म्हणाले. "बेचना खलास. बैठो, चाय पियो."

मी कप भरले. एरवी मीच पुढे करते, पण यांनी कपबशी माझ्या हातातून घेतली आणि पाहुण्यासमोर धरली. कप खडखडला, बशीत चहा सांडला. यांनी हात मागे घेतला नाही.