अण्णांचा खुंटा

बडोद्यात आमच्या फतेगंजच्या सोसायटीत गाडी कुठे लावायची यावरून रोज भांडणं होतात. आमच्या शेजारचे अण्णा त्यात कधीच नसत. त्यांच्याकडे गाडी नव्हती, साधी सायकलही नव्हती. होडी होती. ती चांदोदला, बडोद्यापासून बसने दीड-दोन तासांवर, नर्मदेच्या घाटाला बांधलेली असायची.

अण्णा मूळचे रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठचे. वडिलांची होडी आजारपणात विकली गेली आणि अण्णा नोकरीसाठी बडोद्याला आले. पस्तीस वर्षं कारखान्यात फिटर होते. निवृत्तीच्या पैशांतून माणसं घराला रंग देतात, यांनी जुनी लाकडी होडी घेतली. घाटावरचे होड्या बांधायचे खुंटे नावाड्यांच्या घरांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. बाहेरच्या माणसाला ते मिळत नाहीत. अण्णा वर्षभर जाऊन बसले, तेव्हा कुठे रमणभाई नावाड्यांनी आपला एक खुंटा महिना पाचशे रुपयांवर त्यांना दिला.

पाचशेवर भागलं असतं तर त्यांच्या बायकोने, माईंनी, तोंड उघडलं नसतं. पण दरवर्षी डांबर लावायचं, फटी बुजवायच्या, पावसाळ्यात पाणी फार चढलं की सहा माणसं लावून होडी वर ओढायची, त्यांची मजुरी द्यायची, वर चहा-गाठिया. "होडी ठेवणं म्हणजे म्हैस पाळणं आहे," अण्णा स्वतःच म्हणायचे, "फक्त दूध नाही." माई विचारायच्या, "वर्षातून चारदा बसता, त्याला एवढा खर्च?" त्यावर अण्णा शांतपणे म्हणत, "तुझा लग्नातला शालू वर्षातून किती वेळा नेसतेस?" मग दोन दिवस अबोला.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्यांना स्कूटरवर एस.टी. डेपोपर्यंत सोडायची. मागे बसून ते मला होडी बांधायला शिकवत, मला नको असलं तरी. खाडीत भरती-ओहोटी असते, म्हणून दोर नेहमी सैल आणि लांब ठेवायचा, हा त्यांच्या वडिलांचा धडा. चांदोदला मात्र लांब दोरामुळे होडी प्रवाहात फिरून शेजारच्या होड्यांवर आपटे. एकदा दुसऱ्याची फळी फुटली, तिचेही पैसे अण्णांनी भरले. रमणभाई ओरडले, "अण्णा, आ तमारी खाडी नथी. दोरडुं टूंकुं राखो!" शेवटी अण्णांनी दोर आखूड केला. जिवावर आलं होतं, हे त्यांनी मला फतेगंज ते डेपो एवढ्या अंतरात तीनदा सांगितलं.

पुढे मी "होडी कशी आहे?" विचारलं की ते नुसतं म्हणत, "आहे तिथेच आहे." मला वाटायचं, वय झालं, बोलणं कमी झालंय.

मागच्या हिवाळ्यात अण्णा गेले. तेरावं झाल्यावर माई म्हणाल्या, "चल ने गं माझ्याबरोबर. त्या होडीचं काय ते एकदा संपवून टाकू." आम्ही डेपोवर स्कूटर लावून बसने चांदोदला गेलो. रमणभाईंनी खुंटा दाखवला. त्याला होडी नव्हती.

"तीन वर्षं झाली, बेन," रमणभाई खाली बघत म्हणाले. रमणभाई स्वतः डभोईला मुलीकडे गेले होते आणि त्याच पहाटे नदी चढली. बाकीच्या होड्यांचे मालक घाटावरच राहणारे. धावत येऊन त्यांनी दोर सैल केले. अण्णांचा दोर आखूड होता. पाणी वाढत गेलं आणि होडीचं तोंड खुंट्याशीच खाली ओढलं जाऊन ती बुडाली. "मेंच टूंकुं करायला लावलं होतं. मी त्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, गाठ मी मारली होती. मी म्हटलं, होडी नाही, आता पैसे शेना, कशाचे? तर म्हणाले, खुंटा सोडला तर मला परत कोण देणार?"

म्हणजे तीन वर्षं हा माणूस रिकाम्या खुंट्याचं भाडं भरायला येत होता आणि मी त्याला सोडत होते. मला आधी रागच आला. मग रडू आलं.

माई पायरीवर बसल्या. "तीन वर्षं मी त्या होडीवरून भांडले," त्या म्हणाल्या. "एकदा तरी सांगायचं होतं. भांडले नसते." मग त्यांनी विचारलं, "ते कुठे बसायचे?"

रमणभाईंनी खुंट्याशेजारची पायरी दाखवली. माई उठून तिथे जाऊन बसल्या आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. निघताना त्यांनी पाकिटातून पाचशेची नोट काढली. रमणभाईंनी हात जोडले, मागे सरकले. माईंनी नोट त्यांच्या खिशात कोंबली.

बसने परतल्यावर डेपोवरून मी माईंना स्कूटरवर घरी आणलं. उतरताना म्हणाल्या, "पुढच्या महिन्याचा पहिला रविवार किती तारखेला येतो गं?"